दीर्घायुष्याचे संशोधन : माणसात उतरले किती आणि उंदरात राहिले किती?

कारेलीबागकर

नमस्कार मंडळी. दीर्घायुष्याविषयीच्या बातम्या हल्ली इतक्या वेगाने येत आहेत, की त्यांतले काय धरावे आणि काय सोडावे हे माझ्यासारख्या निवृत्त माणसाला कळेनासे झाले आहे. म्हाताऱ्या पेशी तरुण करणारी जनुके, बेटावरच्या मातीतून निघालेले आयुष्य वाढवणारे औषध, वजन उतरवता उतरवता हृदयही सांभाळणारे इंजेक्शन, तान्ह्या बाळाच्या जनुकातला एकच दोष दुरुस्त करून वाचवलेले प्राण, हे सगळे एकाच पानावर, एकाच आकाराच्या मथळ्यांत छापले जाते. आमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळातही एका खासगी कंपनीची माणसे येऊन गेली. रक्त द्या, तुमचे जैविक वय सांगतो, आणि ते जास्त निघाले तर कमी करण्याच्या गोळ्यांचा वर्षभराचा संचही देतो, असा त्यांचा प्रस्ताव होता. किंमत ऐकून निम्मे सभासद चहाकडे वळले. उरलेल्यांनी नावे नोंदवली, आणि त्यांत चांगले शिकलेसवरलेले लोक होते.

माझा प्रश्न असा आहे. गाजलेल्या शोधांपैकी कोणत्या शोधांचा फायदा माणसांवरच्या चाचण्यांत दिसला आहे, आणि कोणते अजून उंदरांच्या पिंजऱ्याबाहेर पडलेले नाहीत? मी ६७ वर्षांचा आहे, रक्तदाबाची गोळी घेतो आणि वडिलांकडून हृदयविकाराचा वारसा आहे. जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

शेवउसळप्रेमी

काका, जैविक वयासाठी रक्त कशाला द्यायचे? मंगळबाजारातून भाजीच्या दोन पिशव्या घेऊन तिसरा मजला चढा. अहवाल जिन्यातच मिळतो, आणि तोही फुकट.

सूक्ष्मदर्शी

मी बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठात जीवरसायनशास्त्रात संशोधन करते, त्यामुळे जैविक वयाच्या चाचणीविषयी थोडे लिहिते.

आपल्या डीएनएवर ठिकठिकाणी मिथाइल नावाचे बारीक रासायनिक गट चिकटलेले असतात, आणि वयानुसार काही ठिकाणचे वाढतात, तर काही ठिकाणचे गळतात. स्टीव्ह हॉर्वाथ यांनी २०१३ मध्ये अशा ३५३ जागा निवडून त्यांवरून वय सांगण्याचे गणित मांडले, आणि ते आश्चर्य वाटावे इतके बरोबर येते. पुढे मृत्यूचा धोका किंवा वय वाढण्याचा वेग सांगणारी अशीच आणखी गणिते आली; त्यांनाच वयाची 'घड्याळे' म्हणतात. हजारो लोकांच्या गटांची तुलना करायला ती फार उपयोगी आहेत, पण एकट्या माणसाच्या हातात कागद देण्याइतकी ती स्थिर नाहीत, कारण एकाच रक्ताच्या नमुन्याची दोनदा तपासणी केली तर काही घड्याळांत काही वर्षांचा फरक येतो. आज ७१ आणि सहा महिन्यांनी ६८ आले, तर गोळ्यांनी तीन वर्षे कमी केली की यंत्राने, हे कोणालाच सांगता येणार नाही.

पेशी तरुण करण्याचे काम मात्र खरोखर थक्क करणारे आहे. क्योतोच्या शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या प्रौढ पेशीत चार जनुके सक्रिय करून तिला भ्रूणातल्या पेशीसारखी मूळ अवस्था परत दिली, आणि २०१२ मध्ये जॉन गर्डन यांच्यासह त्यांना नोबेल मिळाले. तीच जनुके जिवंत प्राण्यात पूर्ण जोराने चालवली, तर पेशी आपली ओळख विसरतात आणि गाठी होतात. म्हणून आता ती अर्धवटच चालवून पाहतात. डेव्हिड सिंक्लेअर यांच्या गटाने २०२० मध्ये चारपैकी तीनच जनुके वापरून उंदरांच्या दुखावलेल्या डोळ्यांच्या मज्जातंतूंत सुधारणा दाखवली. तुमच्या वर्गवारीत हे सध्या पिंजऱ्यातले आहे, पण मी पैज लावायची झाली तर याच्यावरच लावेन.

न्यूजर्सीचा_बडोदेकर

सूक्ष्मदर्शी यांनी छान लिहिले आहे, पण 'पिंजऱ्यातले' या शब्दामागचा सावधपणा मला थोडा अति वाटतो. अल्टोस लॅब्ज ही कंपनी २०२२ मध्ये ३ अब्ज डॉलर भांडवलावर याच एका विषयासाठी उभी राहिली. जगातले इतके हुशार लोक आणि इतका पैसा उगाच एका ठिकाणी जमत नाही. माझ्या ओळखीत रॅपामायसिन, म्हणजे काकांनी म्हटलेले बेटावरच्या मातीतले औषध, घेणारे लोक आहेत, मी स्वतः वार्धक्य लांबवण्यासाठी विकल्या जाणाऱ्या एनएमएन या पूरक गोळ्या घेतो आणि मला उत्साही वाटते. आयुष्यमानाची चाचणी माणसावर पूर्ण व्हायला पन्नास वर्षे लागतील. तोवर थांबा असे साठीच्या माणसाला सांगण्याचा अर्थ, तुमच्यासाठी काही नाही, एवढाच होतो.

जुनाकेमिस्ट

न्यूजर्सीकर, पैसा जमला म्हणजे शोध लागला असे होत नाही. मी बडोद्यातल्या एका औषध कंपनीत गुणवत्ता विभागात नोकरी केली आणि निवृत्तीनंतरही हा विषय वाचत आलो. आयुष्य वाढवते म्हणून गाजलेले रेड वाइनमधले रेझव्हेरॅट्रॉल तुम्हाला आठवत असेल. सिर्ट्रिस ही त्यावर काम करणारी कंपनी ग्लॅक्सोने २००८ मध्ये ७२ कोटी डॉलर मोजून घेतली, आणि पाच वर्षांत गुंडाळली. झिजलेल्या, न मरता शरीरात रेंगाळणाऱ्या पेशी काढून टाकण्याची कल्पनाही तशीच. मेयो क्लिनिकने २०११ मध्ये जनुकबदल केलेल्या उंदरांत अशा पेशी काढून दाखवल्या आणि त्यांचे वार्धक्याचे विकार लांबले. त्यावर उभ्या राहिलेल्या कंपनीने माणसांच्या दुखऱ्या गुडघ्यांत तसले औषध टोचले, तेव्हा २०२० मध्ये ते तुलनेसाठी दिलेल्या, औषध नसलेल्या बनावट इंजेक्शनापेक्षा सरस ठरले नाही. कल्पना मेली असे मी म्हणत नाही, पण उंदराचा गुडघा आणि आपला गुडघा यांच्यामध्ये मोठी दरी आहे.

रॅपामायसिनची गोष्ट मात्र वेगळी, आणि आपण औषधवाल्यांनी ती अभिमानाने सांगावी अशी आहे. १९६४ मध्ये कॅनडाची एक मोहीम ईस्टर बेटावर गेली होती. तिथून आणलेल्या मातीतल्या एका जिवाणूपासून माँट्रियलच्या एयर्स्ट प्रयोगशाळेत सुरेन सहगल यांनी हे रसायन वेगळे केले, आणि बेटाच्या रापा नुई या नावावरून त्याला नाव दिले. ते शोधत होते बुरशीवरचे औषध. रसायन प्रतिकारशक्तीच दाबते हे दिसल्यावर कंपनीचा रस संपला, आणि ऐंशीच्या दशकात ती प्रयोगशाळाच बंद झाली. तेव्हा या गृहस्थांनी जिवाणूंच्या कुप्या घरच्या फ्रीजरमध्ये, खाण्याच्या पदार्थांशेजारी जपून ठेवल्या. कंपनीची मालकी बदलल्यावर काम पुन्हा सुरू झाले, आणि मूत्रपिंडाचे रोपण झालेल्या रुग्णांसाठी १९९९ मध्ये अमेरिकेत औषधाला परवानगी मिळाली. मग २००९ मध्ये तीन वेगवेगळ्या प्रयोगशाळांत एकाच वेळी केलेल्या प्रयोगात, माणसाच्या साठीइतक्या वयाच्या उंदरांना हे औषध दिले, तेव्हा नव्वद टक्के उंदीर मरण्याचे वय माद्यांत १४ आणि नरांत ९ टक्क्यांनी पुढे गेले. उतारवयात सुरू करूनही एवढा फरक दाखवणारे औषध तोवर कोणाच्या हाती आले नव्हते.

आता मेटफॉर्मिन, म्हणजे आपल्या निम्म्या मंडळाच्या डब्यातली मधुमेहाची गोळी. एका युरोपीय रानवनस्पतीतल्या रसायनाच्या धाग्यावरून ती आली, आणि जाँ स्टर्न यांनी १९५७ मध्ये तिचा माणसावरचा उपयोग प्रसिद्ध केला. मधुमेह नसलेल्या वृद्धांत तिने हृदयविकार, कर्करोग, स्मृतिभ्रंश लांबतात का, हे पाहण्यासाठी निर बार्झिलाय यांनी ६५ ते ७९ वयाच्या ३,००० लोकांची चाचणी कधीची आखून ठेवली आहे. अडले आहे ते पैशावर. गोळी पेटंटबाहेरची आणि काही रुपयांची, तेव्हा तिच्यावर कोटी खर्चून कोणत्या कंपनीला काय मिळणार? दीर्घायुष्याच्या बाजारात सर्वात स्वस्त औषधाचीच परीक्षा रखडते, हे मला या सगळ्या विषयाचे सार वाटते.

रावपुरा_दवाखाना

जुनाकेमिस्ट यांच्या लेखनात डॉक्टर म्हणून दोन गोष्टी जोडते. मेटफॉर्मिन एकटे दिल्यावर त्याच प्रयोगशाळांच्या उंदरांत आयुष्य ठळकपणे वाढले नाही, हेही सांगायला हवे. आणि रॅपामायसिनने तोंडात व्रण येतात, रक्तातल्या चरबीचे प्रमाण वाढते, जखमा उशिरा भरतात आणि जंतुसंसर्ग वाढू शकतो. रोपणाच्या रुग्णांवर सतत नजर असते. मित्राकडून गोळ्या घेऊन घरी खाणाऱ्यावर कोणाचीच नसते.

कारेलीबागकर काकांच्या प्रश्नाचे उत्तर मला सोपे वाटते, पण ते मथळ्याला शोभणारे नाही. माणसात सिद्ध झालेल्या गोष्टी 'वार्धक्यविरोधी' म्हणून येत नाहीत, त्या एखाद्या रोगाच्या नावाने येतात. स्प्रिंट नावाची चाचणी अमेरिकेत मधुमेह नसलेल्या पण हृदयविकाराचा धोका जास्त असलेल्या ९,३६१ लोकांवर झाली आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. वरचा रक्तदाब १४० च्या खाली ठेवण्याऐवजी १२० च्या खाली ठेवला, तर कोणत्याही कारणाने होणारे मृत्यू २७ टक्क्यांनी कमी झाले. जुन्याच गोळ्या, फक्त लक्ष्य वेगळे. या गटात चक्कर येणे आणि रक्तदाब फार उतरणे जास्त होते, म्हणून प्रत्येकाने आपणहून गोळी वाढवायची नसते; पण ज्या गोळीकडे काका अगदी सहज बोट दाखवून पुढे गेले, तिच्यामागे रॅपामायसिनपेक्षा कितीतरी भक्कम मानवी पुरावा आहे.

दुसरे उदाहरण सेमाग्लुटाइडचे, म्हणजे काकांनी म्हटलेल्या वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनाचे. हृदयविकार झालेल्या, वजन जास्त असलेल्या, पण मधुमेह नसलेल्या १७,६०४ लोकांवरची चाचणी २०२३ मध्ये आली, आणि त्यात हृदयविकाराचे झटके, पक्षाघात आणि हृदयाशी संबंधित मृत्यू यांची एकत्रित संख्या २० टक्क्यांनी घटली.

तिसरे माझे सर्वात आवडते. वेल्समध्ये २०१३ साली नागिणीची लस सुरू करताना सरकारने नियम केला, की २ सप्टेंबर १९३३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांनाच ती मिळेल. म्हणजे एका आठवड्याने मोठे असलेले लोक कायमचे वगळले गेले, बाकी दोन्ही गटांत काही फरक नव्हता. सात वर्षांनी पाहिले, तर लस घेतलेल्यांत स्मृतिभ्रंशाचे निदान सुमारे एक पंचमांशाने कमी होते. हा अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. कोणी मुद्दाम आखलेला नाही, निव्वळ सरकारी परिपत्रकातून घडलेला प्रयोग आहे हा.

संख्याशास्त्री

डॉक्टरबाईंच्या २० टक्क्यांत थोडी भर घालणे माझे जुने मास्तरी कर्तव्य आहे. त्या सेमाग्लुटाइडच्या चाचणीत सुमारे चाळीस महिन्यांत बनावट औषधाच्या गटात १०० पैकी ८.०, आणि औषधाच्या गटात ६.५ लोकांना तो त्रास झाला. फरक दीड जणाचा. म्हणजे साधारण ६७ लोकांनी तीन वर्षांहून अधिक काळ इंजेक्शन घेतले, तर एकाचा झटका टळतो. हा फायदा खरा आहे, चांगला आहे, पण '२० टक्के' ऐकून डोळ्यांसमोर जे चित्र येते, त्याच्याशी तो जुळत नाही.

शतायुषींविषयीही सावध राहावे. २०१० मध्ये जपानने तपास केला, तेव्हा शंभरीपार म्हणून नोंद असलेल्या दोन लाख तीस हजारांहून अधिक लोकांचा ठावठिकाणाच लागला नाही. बहुतेक कधीच वारलेले होते, नोंद तेवढी जिवंत होती. सॉल न्यूमन या संशोधकाने दाखवले, की अमेरिकेच्या राज्यांत जन्मदाखले पद्धतशीर सुरू झाल्यावर एकशेदहा ओलांडणाऱ्यांच्या नोंदी एकदम कोसळल्या. त्याला २०२४ चे इग-नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचे पारितोषिक मिळाले. आपल्याकडे तर अर्ध्या पिढीचा जन्म १ जूनचा आहे, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी तीच तारीख घातली.

खात्रीशीर नोंदींतला विक्रम अजून फ्रान्सच्या जान काल्माँ यांचा आहे. १९९७ मध्ये त्या १२२ वर्षांच्या होऊन वारल्या, आणि त्यानंतर इतका पैसा ओतूनही तिथवर कोणी पोचलेले नाही. जे ओल्शान्स्की या संशोधकांनी २०२४ मध्ये सर्वाधिक आयुर्मानाच्या देशांचे १९९० पासूनचे आकडे तपासले, तर वाढीचा वेग मंदावलेला दिसला.

मांजलपूरच्या_आजी

संख्याशास्त्री, माझी जन्मतारीख १ जूनच आहे, त्यामुळे कंपनीच्या यंत्राने माझे वय काढले तर मलाच नवी माहिती मिळेल.

तुम्ही सगळे पेशींवर बोलत आहात, म्हणून जुने एक सांगते. माझी सासू म्हणायची, की तिच्या सासूच्या काळात पटकीने घरेच्या घरे बसत. सयाजीराव महाराजांनी आजव्याचा तलाव बांधून नळाने पाणी शहरात आणले, तेव्हा बडोद्याचे आयुष्य किती वाढले असेल, त्याचा हिशेब कोणी मांडला आहे का? तीही विज्ञानाचीच करामत होती, फक्त ती बाटलीत विकता आली नाही.

मला शंभर नकोत. जितकी आहेत तितक्यांत नातवंडांची नावे आठवावीत, एवढे पुरे. त्या विस्मरणाच्या नव्या इंजेक्शनाचे काय झाले, ते डॉक्टरबाईंनी सांगावे.

रावपुरा_दवाखाना

आजी, तुम्ही म्हणता ते लेकानेमॅब. २०२३ मध्ये अमेरिकेने त्याला पूर्ण मान्यता दिली. अल्झायमरच्या अगदी सुरुवातीच्या अवस्थेत दिले, तर दीड वर्षात ऱ्हासाचा वेग २७ टक्क्यांनी मंदावतो. संख्याशास्त्री रागावू नयेत म्हणून लगेच सांगते, की १८ गुणांच्या मोजपट्टीवर तो फरक अर्ध्या गुणाहूनही कमी आहे. मेंदूला सूज किंवा बारीक रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून वरचेवर एमआरआय करावा लागतो. मेंदूत साचलेली प्रथिने काढली तर आजाराची गती बदलते, हे त्याने सिद्ध केले, आणि संशोधनाच्या दृष्टीने ते मोठे आहे. तुमच्यासारख्या ठणठणीत बाईला त्याची गरज नाही. कानाचे यंत्र घ्यायचे तेवढे टाळू नका, कारण ऐकू न येणे हे स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्यासारख्या मोठ्या कारणांत मोडते.

नर्मदाकाठ

मी या धाग्याशी असहमत आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहितो. साठी ओलांडलेल्यांचे आयुष्य सत्तरचे ऐंशी कसे होईल, यावर सगळी चर्चा चालली आहे. मी छोटाउदेपूरच्या बाजूला आरोग्याच्या कामात बरीच वर्षे काढली. बडोद्यापासून दोन-अडीच तासांवर असलेल्या त्या गावांत सिकलसेलने पंचवीस-तिशीत गेलेली मुले मी पाहिली आहेत. हिमोग्लोबिनच्या जनुकातले एकच अक्षर बदललेले असते. त्यामुळे तांबड्या पेशी वाकून बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, हाडे असह्य दुखतात, प्लीहा निकामी होते, फुप्फुसे जातात. आई आणि वडील दोघेही वाहक असले, तर प्रत्येक मुलामागे चारात एक असा हा धोका असतो.

या शतकातला सर्वात मोठा वैद्यकीय शोध कोणता, असे मला विचाराल तर मी याच आजाराकडे बोट दाखवीन. क्रिस्परचे जनुके कापून बदलण्याचे तंत्र, ज्यासाठी शार्पांतिए आणि डाउडना यांना २०२० मध्ये नोबेल मिळाले, त्याचा पहिला मान्यताप्राप्त उपचार सिकलसेलवरच आला. २०२३ च्या नोव्हेंबरात ब्रिटनमध्ये आणि डिसेंबरात अमेरिकेत. रुग्णाच्या अस्थिमज्जेतल्या पेशी बाहेर काढतात, गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन बंद करणारी कळ कापून टाकतात, आणि त्याच पेशी परत देतात. निदान वर्षभर तपासता आलेल्या ३१ रुग्णांपैकी २९ जणांना सलग बारा महिने तीव्र वेदनेचा झटका आला नाही. अमेरिकेत याची किंमत २२ लाख डॉलर आहे, शिवाय आधी जबर केमोथेरपी घ्यावी लागते. ज्यांना हा आजार सर्वात जास्त आहे, त्यांच्यापासून हा उपचार सर्वात दूर आहे.

आणि स्वस्तात काय करता येते, तेही माहीत आहे. २०२३ च्या जुलैत मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले. सात कोटी लोकांची तपासणी हे त्याचे उद्दिष्ट आहे. लहान वयातली तपासणी, लसी, हायड्रॉक्सियुरियाची साधी कॅप्सूल रोज मिळत राहणे आणि लग्नाआधी दोघांचे सिकलसेल तपासणीचे कार्ड पाहणे, एवढ्याने माणूस कितीतरी वर्षे जास्त जगतो. कॅप्सूल आरोग्यकेंद्रात संपली, की मात्र तो पुढच्या महिन्यात पुन्हा वेदनेने विव्हळत दवाखान्याची वाट धरतो. एनएमएनच्या वर्षभराच्या संचाच्या किमतीत किती कॅप्सूल येतील, याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

न्यूजर्सीचा_बडोदेकर

नर्मदाकाठ, तुमचा प्रतिसाद वाचून गोळ्यांची बाटली जरा मागे सरकवली, पण वाद सोडत नाही. महागड्या संशोधनातूनच पुढे स्वस्त उपचार निघतात. कर्करोगाच्या कार-टी उपचाराचेच पाहा. आपल्याच पेशींना शिकवून कर्करोगावर सोडण्याचे हे तंत्र अमेरिकेत काही कोटी रुपयांचे आहे. आयआयटी मुंबई आणि टाटा स्मारक रुग्णालयाने मिळून नेक्सकार-१९ बनवले, ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याला भारतात मान्यता मिळाली, आणि खर्च सुमारे दहाव्या हिश्शावर आला. दिल्लीची आयजीआयबी ही सरकारी संस्था सिकलसेलसाठी देशी क्रिस्परवर काम करतेच आहे. मे २०२५ मध्ये जाहीर झाले, की फिलाडेल्फियाच्या डॉक्टरांनी एका बाळासाठी, फक्त त्याच्या एकट्याच्या जनुकदोषासाठी, सहा महिन्यांत औषध घडवले. पहिले काम कोणीतरी अफाट खर्चात करावेच लागते.

नर्मदाकाठ

दहावा हिस्साही तीस-चाळीस लाखांचा होतो, साहेब. संशोधन थांबवा असे मी कुठेच म्हटले नाही. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बोनगावच्या निर्वासित छावणीत दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी पिंपांतून वाटले आणि छावणीतले पटकीचे मृत्यू तीस टक्क्यांवरून चारच्या खाली आणले. तेही संशोधनच होते. स्वातंत्र्याच्या वेळी ३२ च्या आसपास असलेले भारतीयाचे सरासरी आयुष्य आज सत्तरच्या घरात आले आहे, ते अशाच गोष्टींनी. या यादीत पुढचे नाव घालायचे असेल, तर ते उपकेंद्रापर्यंत पोचणारे हवे, एवढाच माझा आग्रह.

तालीमवाला

शेवउसळप्रेमी यांनी थट्टेत लिहिले, पण पिशव्या उचलण्याची परीक्षा खरोखर होते. १७ देशांतल्या सुमारे १ लाख ४० हजार लोकांच्या हाताच्या पकडीची ताकद मोजलेला एक अभ्यास २०१५ मध्ये आला, त्यात भारतही होता. पकड दर ५ किलोने कमी, तर मृत्यूचा धोका १६ टक्क्यांनी जास्त, आणि वरच्या रक्तदाबापेक्षा पकडच मृत्यूचा अंदाज अधिक चांगला देत होती. स्प्रिंग दाबत बसल्याने आयुष्य वाढते असा याचा अर्थ नाही. पकड ही सगळ्या शरीराच्या बळाची खूण आहे. दांडिया बाजारातल्या जुम्मादादांच्या व्यायाममंदिरात मल्लखांबावर वाढलेल्या आमच्या पिढीला हे सांगायला परदेशी अभ्यास लागला, हे वेगळे.

मेटफॉर्मिनची आशा धरणाऱ्यांनी आणखी एक ऐकावे. निरोगी वृद्धांना वजने उचलण्याच्या व्यायामाबरोबर ती गोळी दिली, तर स्नायूंची वाढ बनावट गोळी घेणाऱ्यांपेक्षा कमी झाली, असे २०१९ मध्ये दिसले. मधुमेह असलेल्यांनी गोळी अजिबात सोडू नये. नसलेल्यांनी मात्र आधी तालमीत यावे.

शेवउसळप्रेमी

कमी खाल्ल्याने आयुष्य वाढते, यावर कोणी बोललेच नाही. मी दर एकादशीला उपास करतो. साबुदाण्याची खिचडी, रताळ्याचा कीस, शेंगदाण्याचा लाडू आणि रात्री बटाट्याचा चिवडा. विज्ञान काय म्हणते?

सूक्ष्मदर्शी

विज्ञान म्हणते, एकादशी आणि दुप्पट खाशी. अमेरिकेत लठ्ठ नसलेल्या सुमारे २२० लोकांना दोन वर्षे २५ टक्के कमी उष्मांक घ्यायला सांगितले होते. पूर्ण देखरेख असूनही त्यांना सरासरी १२ टक्क्यांच्या आसपासच जमले. रक्तदाब, चरबी, साखर सुधारली. वार्धक्याचा वेग मोजणाऱ्या घड्याळात तो २ ते ३ टक्क्यांनी मंदावलेला दिसला, आणि इतर दोन घड्याळांत काहीच फरक पडला नाही. तुमच्या चिवड्याची नोंद त्या अभ्यासात नाही.

मकरपुराकर

इतके प्रतिसाद झाले आणि आपल्या वेंकींचे नाव कोणी घेतले नाही, याचे नवल वाटते. बडोद्यात वाढलेले, सयाजीराव विद्यापीठातून १९७१ मध्ये भौतिकशास्त्राची पदवी घेतलेले वेंकटरमण रामकृष्णन, ज्यांना रायबोसोमच्या, म्हणजे पेशीतल्या प्रथिने बनवणाऱ्या यंत्राच्या रचनेसाठी २००९ चे नोबेल मिळाले, त्यांनी २०२४ मध्ये वार्धक्य आणि मृत्यू याच विषयावर पुस्तक लिहिले. पेशीतले यंत्र इतक्या जवळून पाहिलेला हा माणूस या क्षेत्रातल्या गाजावाजावर चांगलीच टीका करतो, आणि मूळ विज्ञानाबद्दल आदरही बाळगतो. न्यूजर्सीकर आणि नर्मदाकाठ, दोघांनीही ते वाचावे. दोघांनाही भांडायला नवा मजकूर मिळेल.

न्यूजर्सीचा_बडोदेकर

मागवले आहे. मात्र त्यात एनएमएनबद्दल वाईट लिहिले असेल, तर ते पान मी बाटली संपल्यावर वाचेन.

कारेलीबागकर

सर्वांचे आभार. जैविक वयाच्या चाचणीत मी नाव नोंदवणार नाही, आणि मंडळाच्या पुढच्या बैठकीत एकाच नमुन्याच्या दोन अहवालांविषयी त्या कंपनीला विचारणार आहे. नर्मदाकाठ यांनी तिथे येऊन सिकलसेलवर बोलावे, असे मी मंडळाच्या वतीने निमंत्रण देतो; आमच्यापैकी बऱ्याच जणांनी बोडेली पुढची गावे गाडीच्या खिडकीतूनच पाहिली आहेत.

डॉक्टरबाईंना दोन प्रश्न विचारतो. वडिलांना पन्नाशीत झटका आला होता, तर मी कोणती एक तपासणी करून घ्यावी? आणि मला दोन वर्षांपूर्वी नागीण होऊन गेली, तरी त्या लसीचा उपयोग आहे का?

रावपुरा_दवाखाना

काका, कोलेस्टेरॉलची नेहमीची तपासणी तुमची होतच असेल. तिच्याबरोबर एकदा लिपोप्रोटीन-ए, म्हणजे रक्तातला कोलेस्टेरॉल वाहणारा आणि हृदयविकाराचा धोका वाढवणारा कण, मोजून घ्या. ते वारशाने येते, आहाराने फारसे बदलत नाही, त्यामुळे वारंवार मोजावे लागत नाही. हृदयरोगतज्ज्ञांच्या भारतीय संघटनेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांतही ते प्रत्येकाने एकदा तरी मोजावे असे म्हटले आहे. ते कमी करणारी नवी औषधे अजून चाचण्यांत आहेत, पण जास्त निघाले तर वाईट कोलेस्टेरॉल किती खाली आणायचे, हे तुमच्या हृदयरोगतज्ज्ञांना अधिक कडकपणे ठरवता येते. मुलालाही सांगा, कारण वारसा तिथेही गेलेला असू शकतो.

नागीण होऊन गेली असली तरी लस घेता येते, पुरळ पूर्ण बरी झालेली असली म्हणजे झाले. आपल्याकडे आता मिळणारी लस वेल्समधल्या लसीहून वेगळी आहे. तिच्यात जिवंत विषाणू नाही. पन्नाशीनंतर तिचे दोन डोस घेतात, दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने. दंड एक-दोन दिवस चांगलाच दुखतो, थोडा ताप येऊ शकतो, आणि ती महाग आहे, म्हणून घेण्याआधी दोन-तीन ठिकाणी किंमत विचारा. नागिणीपासून संरक्षण हे तिचे सिद्ध झालेले काम आहे, आणि त्याच कारणासाठी ती घ्या.